आठ थेंब: स्वतः काढलेल्या पुस्तकातल्या एका चुकीचं प्रकरण

गुरुवारी संध्याकाळी एका वाचकाची मेल आली. चारच ओळी होत्या. ‘मॅडम, पुस्तक कामाचं आहे. पण पान १२ वरचा पिण्याचं पाणी शुद्ध करायचा तक्ता पुन्हा तपासून पाहा. ब्लीचचे ८ थेंब एका गॅलनला घालायचे असतात, तुम्ही एका लिटरला लिहिलेत. घरी करून पाहिलं, तेव्हा वासावरूनच कळलं. मी बरीच वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काम केलंय.’

मी पान १२ उघडलं. ते बरोबर सांगत होते.

शनिवारी सकाळपासून त्याच पुस्तकाचं ई-बुक पाच दिवस फुकट मिळणार होतं. जाहिराती लावून झाल्या होत्या, यादीतल्या वाचकांना आगाऊ कळवून झालं होतं. महिनाभर मी या पाच दिवसांचीच तयारी करत होते. ही चूक पुस्तकात शिरली कशी, त्या दोन दिवसांत काय केलं आणि त्यानंतर तिच्या मागे किती धावावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. स्वतःचं माहितीपर पुस्तक स्वतः काढणाऱ्यांना लेखन, छपाई आणि विक्री ही तीन वेगळी कामं वाटतात. मलाही वाटायची. या चुकीनं ती तिन्ही एका दोऱ्यात ओवलेली दाखवली.

पुस्तक आहे पूर, वादळ, भूकंप यांच्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत घर कसं चालवायचं यावर. वीज नाही, नळाला पाणी नाही, बाहेर पडता येत नाही. अशा वेळी पाणी, औषधं, कागदपत्रं, स्वच्छता यांचं काय करायचं. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. मार्गदर्शिकांमध्ये विखुरलेली माहिती घरातल्या माणसाला घाईतही कळेल अशा भाषेत एका जागी आणावी, एवढा माझा हेतू. प्रकाशकाकडे गेले नाही, कारण अशा पुस्तकात दुरुस्ती हातासरशी करता यायला हवी असं मला वाटत होतं. ई-बुक आणि मागणीनुसार छापली जाणारी प्रत, दोन्ही किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर म्हणजे केडीपीवर होत्या; लेखकाला स्वतःचं पुस्तक स्वतः काढता यावं यासाठीची ही अ‍ॅमेझॉनची सेवा. शिवाय कार्यशाळांमध्ये विकायला साठ प्रती मागवून घरी ठेवल्या होत्या.

आता तो तक्ता. पाणी उकळणं शक्य नसेल तर घरगुती ब्लीचनं ते पिण्याजोगं करता येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, ईपीएची, सूचना अशी आहे: ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं, सुगंध किंवा रंग न मिसळलेलं ब्लीच असेल तर एका गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्क्यांचं असेल तर ६ थेंब. पाणी गढूळ किंवा फार थंड असेल तर प्रमाण दुप्पट. ढवळून ३० मिनिटं तसंच ठेवायचं. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे ६ टक्क्यांचं ब्लीच लिटरला साधारण २ थेंब पडतं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर २ थेंबांनी लिटरभर पाण्यात सुमारे ६ मिलिग्रॅम क्लोरीन जातो आणि ८ थेंबांनी २४. नळाच्या पाण्यासाठी ईपीएची वरची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. (६ हा आकडा त्याहून जास्त दिसतो, पण तो घालतानाचा आहे; त्यातला काही भाग अर्ध्या तासात पाण्यातल्या घाणीवर खर्च होतो.) माझ्या तक्त्यानुसार पाणी केलं तर ते चौपट तीव्र होत होतं. एवढ्या वासाचं पाणी मोठं माणूस बहुधा तोंडाशी नेऊन खाली ठेवील. पण कुणी त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवलं असेल तर? त्या रात्री हा एकच विचार डोक्यात होता.

एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली. चूक उलट्या दिशेनं झाली असती, गॅलनला २ थेंब असं छापलं गेलं असतं, तर वास आला नसता, कुणी मेल पाठवली नसती, आणि लोक जंतू असलेलं पाणी शुद्ध समजून प्यायले असते. मला सापडलेली चूक स्वतःहून ओरडणारी होती. न ओरडणारी चूकही पुस्तकात असू शकते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते आठ दिवसांनी कळलं. त्याबद्दल पुढे येईलच.

हस्तलिखितात तक्ता बरोबर होता, हे मी सर्वांत आधी पाहिलं. पाच रकाने होते: ब्लीचची तीव्रता, लिटरला थेंब, गॅलनला थेंब, दहा लिटरच्या बादलीला मिलिलिटर आणि थांबायचा वेळ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांनी हे पान वाचून, दोन शब्द बदलून, बरोबर असल्याचं कळवलं होतं. मग ई-बुकची बांधणी सुरू झाली. ई-बुकचा मजकूर वाचकाच्या पडद्याच्या मापानं वाहतो. परिच्छेदांना त्यानं काही होत नाही, पण पाच रकान्यांचा तक्ता फोनवर मोडतो. शेवटचे रकाने कापले जातात किंवा एकेक अक्षर एका ओळीवर येतं. म्हणून मी रकाने कमी करायला बसले. बादलीचा काढला. गॅलन आपल्या वाचकाला लागत नाही, तोही काढू या. शीर्षकाच्या ओळीतून मी ‘गॅलन’ची चौकट काढली आणि खालच्या दोन ओळींतून तिच्या शेजारची. राहिलं वर ‘लिटर’, खाली ८ आणि ६.

या बदलानंतर पान प्राध्यापिकांकडे गेलं नाही, कारण माझ्या मनात ते ‘तपासलेलं पान’ होतं. मुद्रितशोधकांकडे मात्र गेलं. त्यांनी ते काळजीपूर्वक वाचलं. ‘मिलिग्रॅम’चं लेखन सगळीकडे एकसारखं केलं, एक स्वल्पविराम हलवला. ८ हा आकडा शुद्धलेखनाच्या दृष्टीनं निर्दोष होता. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थेत हे पकडलं गेलं असतं असंही मी म्हणणार नाही, कारण तिथेही तथ्यांची जबाबदारी करारानं बहुतेक वेळा लेखकावरच असते. फरक इतकाच की तिथे मांडणी दुसरं कुणी करतं, आणि मांडलेलं पान लेखकाकडे परकं होऊन परत येतं. माझ्याकडे लेखक, मांडणीकार आणि शेवटचा हात फिरवणारी, तिन्ही मीच होते. स्वतःच्या हातानं बदललेलं पान परकं होत नाही.

इथपर्यंतचा भाग छपाईतल्या चुकीचा आहे आणि असं अनेकांचं होतं. मला जास्त खोल लागला तो पुढचा भाग.

केडीपी सिलेक्ट या योजनेत पुस्तक घातलं की ९० दिवस त्याचं ई-बुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, अगदी फुकटसुद्धा. नमुना म्हणून फार तर १० टक्के मजकूर बाहेर ठेवता येतो. त्याच्या बदल्यात ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट देण्याची सोय मिळते. हा सौदा मी विचार करून केला होता. मग प्रश्न आला की बाहेर ठेवायला मिळणाऱ्या त्या १० टक्क्यांत काय ठेवायचं. माहितीपर पुस्तकात याचं उत्तर सोपं असतं: जे सर्वांत कामाचं, ते. पाण्याचा तक्ता. मी त्याची एक पानी पीडीएफ केली. वाचकानं मेलचा पत्ता दिला की त्याला ती मिळे. त्याचंच फोनवर पाठवता येईल असं चौकोनी कार्ड केलं. एका संस्थेच्या बातमीपत्राला उतारा हवा होता, त्यांनाही तोच दिला. इतकंच नाही, मूळ आराखड्यात हा तक्ता सातव्या प्रकरणात होता. ई-बुकचा फुकट नमुना पहिल्या पानांचा दिसतो, म्हणून मी तो उचलून पान १२ वर आणला.

म्हणजे अख्ख्या पुस्तकातलं ज्या पानावर सर्वांत जास्त डोळे पडणार होते, ते पान मी निवडून पुढे केलं होतं. पुस्तक न घेतलेल्या लोकांपर्यंतही ते गेलं होतं. आणि नेमक्या त्या पानावर तपासणीनंतर सर्वांत जास्त वेळा हात फिरला होता: एकदा ई-बुकसाठी, एकदा पीडीएफसाठी, एकदा कार्डासाठी. प्रत्येक वेळी थोडं आणखी छोटं, थोडं आणखी सुटसुटीत. कार्डावर तर ब्लीचची तीव्रताही गेली होती, जागा पुरेना म्हणून. कार्डावर उरला फक्त आकडा.

विक्रीसाठी कापलेला तुकडा हा पुस्तकाचा भाग राहत नाही. त्याच्याबरोबर प्रस्तावना जात नाही, तळटीप जात नाही, ‘हे प्रमाण अमुक तीव्रतेला लागू’ हे वाक्य जात नाही. तो तुकडा एकटा उभा राहतो आणि लोक त्यावर वागतात. तरी त्याला आपण जाहिरातीचं साहित्य म्हणतो आणि जाहिरातीच्या घाईनं करतो. माझ्या पुस्तकाच्या कुठल्याही प्रकरणाला मी इतका कमी वेळ दिला नव्हता जितका त्या कार्डाला दिला. वीस मिनिटं.

गुरुवारी रात्री एका अनुभवी लेखकमित्राला फोन केला. त्यांनी मनापासून सल्ला दिला: फाइल गुपचूप बदल, फुकटचे दिवस होऊ दे, बोभाटा करू नकोस, नवीन लेखकाच्या पुस्तकावर एकदा ‘चुकीचं’ असा शिक्का बसला की जात नाही. ते चूक बोलत नव्हते. मी तासभर त्याच बाजूनं विचार केला. पण केडीपीवर बदललेली फाइल मंजूर व्हायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात आणि तोवर जुनीच विकली जाते. गुरुवारी रात्री चढवलेली फाइल शनिवारी सकाळी आली असेल याची खात्री नव्हती. गुपचूप बदलायचं म्हटलं तरी कदाचित दोन दिवस चुकीचा तक्ता फुकट वाटला गेला असता. हे हिशेबानं पाहिल्यावर पुढचं ठरवणं सोपं झालं.

फुकटचे दिवस रद्द केले. जाहिराती थांबवल्या. ई-बुक आणि छापील प्रत दोन्ही विक्रीतून काढल्या, म्हणजे तपासणी चालू असताना जुनी जाणार नाही. पीडीएफ देणं बंद केलं. हे सगळं रात्री साडेअकरापर्यंत झालं. दुरुस्तीला मात्र मी हात लावला नाही. त्या मनःस्थितीत आणखी एक चूक होणार हे दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी तक्ता केला नाही, वाक्यं लिहिली. ‘एक लिटर पाणी, ६ टक्क्यांचं ब्लीच: २ थेंब.’ प्रत्येक ओळीत पाणी, तीव्रता, थेंब, तिन्ही. कुठल्याही पडद्यावर मोडू नये आणि कुणी एक ओळ कापून नेली तरी ती एकटी खरी राहावी. मग ते पान फोनवर जसं दिसतं तसं त्याचं छायाचित्र काढून प्राध्यापिकांना पाठवलं. मूळ दस्तऐवज पाठवला नाही, कारण वाचक मूळ दस्तऐवज वाचत नाही. त्यांनी फोन करून आकडे मोठ्यानं वाचून दाखवले आणि मी ईपीएच्या पानावर बोट ठेवून ऐकले. मग फाइल चढवली. या दुरुस्तीसाठी नवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घ्यायचा का, हा प्रश्न मध्ये आला. छोट्या दुरुस्तीला तो लागत नाही, मजकुरात भरीव बदल असेल तरच नवी आवृत्ती आणि नवा क्रमांक. श्रेयपानावर ‘दुरुस्त पुनर्मुद्रण’ आणि महिना टाकला, म्हणजे हातातली प्रत कुठली हे वाचकाला कळेल.

ज्यांनी आधीच घेतलं होतं त्यांचं काय, हा सर्वांत त्रासाचा भाग. दुकान तुमच्या पुस्तकाचं, पण गिऱ्हाइकांची नावं तुमच्याकडे नसतात. कुणी ई-बुक घेतलं मला माहीत नव्हतं. ज्यांनी आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू ठेवली असेल त्यांच्याकडे नवी फाइल जाऊ शकते. बाकीच्यांना कळवण्यासाठी केडीपीकडे विनंती करावी लागते, त्यात काय चुकलं होतं आणि काय बदललं ते पानासकट लिहावं लागतं, आणि कळवायचं की नाही हे ते ठरवतात. मी ‘टंकनदोष’ असा शब्द वापरला नाही. ‘आरोग्याला त्रास होऊ शकेल अशी चूक’ असंच लिहिलं.

छापील साठ प्रतींतल्या अडतीस विकल्या गेल्या होत्या. कार्यशाळांच्या हजेरीपत्रकांवरून सव्वीस जणांचे फोन मिळाले आणि सगळ्यांशी बोलले. बारा प्रती कुठे आहेत हे मला आजही माहीत नाही. उरलेल्या बावीस प्रतींसाठी शुद्धिपत्र करायचं होतं. जुन्या मराठी पुस्तकांत पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशी यादी असायची. नेटका वाचक पेन्सिल घेऊन आधी सगळं दुरुस्त करून मग वाचायला बसे. पूर आलेल्या घरात कुणी शुद्धिपत्र उघडणार नाही. सुटी चिठ्ठी तर पहिल्यांदा उघडतानाच पडते. म्हणून तक्त्याच्या मापाचं चिकटपत्र छापून घेतलं आणि बावीस प्रतींत चुकीच्या तक्त्यावर चिकटवलं. खालचं दिसत नाही याची प्रत्येक पान उजेडात धरून खात्री केली.

वाचकांच्या यादीला पाठवलेल्या मेलचा विषय होता: ‘पाण्याच्या तक्त्यात चूक आहे, कृपया जुनं कार्ड पुसून टाका’. आत काय छापलं गेलं, बरोबर काय, तसं पाणी कुणी प्यायलं असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांना काय सांगायचं, एवढंच. एरवी प्रत्येक मेलच्या तळाशी पुस्तकाचा दुवा असतो, तो काढला. हा सल्ला मी आग्रहानं देईन: चूक कळवणाऱ्या पत्रात काहीही विकू नका.

काही जण यादीतून निघून गेले. काहींनी आभार मानले. एकीनं एकच ओळ लिहिली: ‘बाकीचे आकडे तपासलेत का?’

तपासले नव्हते. मग एक वही केली. पुस्तकातला प्रत्येक आकडा, त्याचं एकक, तो कुठून घेतला, मूळ ठिकाणी पुन्हा कधी पाहिला, आणि शेवटचा रकाना: हा आकडा आणखी कुठे कुठे गेला आहे. ई-बुक, छापील, पीडीएफ, कार्ड, भाषण. या रकान्याशिवाय वही निरुपयोगी आहे, हे मी शपथेवर सांगीन. पुस्तकातला आकडा दुरुस्त होतो आणि कार्डावरचा तसाच राहतो. वही भरायला आठ दिवस लागले आणि शेवटच्या दिवशी दुसरी चूक सापडली. पाणी उकळण्याबद्दल अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची, सीडीसीची, सूचना आहे: खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, ६,५०० फुटांहून उंच ठिकाणी ३ मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. मी ६,५०० मीटर लिहिलं होतं. इतक्या उंचीवर जगात कुठेच कायमची वस्ती नाही. म्हणजे ती सूचना छापलेली असूनही कुणालाच लागू होत नव्हती. डोंगरात राहणारा वाचक ती वाचून निर्धास्तपणे एकच मिनिट पाणी उकळत राहिला असता. याला वास नव्हता, रंग नव्हता. मेल पाठवणाऱ्या वाचकालाही ही चूक दिसली नव्हती. हे हस्तलिखितातच होतं. प्राध्यापिकांकडे मी फक्त ब्लीचचं पान पाठवलं होतं.

पुन्हा फाइल, पुन्हा मेल. आठ दिवसांत दुसरं कबुलीपत्र पाठवताना हात जड झाला होता. पण या वेळी यादीतून जवळजवळ कुणी गेलं नाही.

त्या महिन्यात विक्री जवळजवळ थांबली. फुकटचे दिवस पाच आठवड्यांनी, नव्या फाइलसह घेतले; ठीक गेले, पहिल्यांदा जितकी हवा केली होती तितके नाही. एका वाचकानं एक तारा देऊन लिहिलं की अशा पुस्तकात अशी चूक अक्षम्य आहे. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी लिहिलं ते खरं आहे आणि ते तिथे राहावं.

चूक दाखवणाऱ्या गृहस्थांना मी श्रेयपानावर नाव घालू का विचारलं. त्यांनी नको म्हटलं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकांतली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २.५६ डॉलर देऊ करतात, कारण संगणकात वापरल्या जाणाऱ्या षोडशमान, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या, पद्धतीत २५६ हा आकडा १०० असा लिहितात, म्हणून २५६ सेंट म्हणजे त्या पद्धतीतला एक डॉलर. २००८ नंतर ते खऱ्या धनादेशाऐवजी एका कल्पित बँकेचं प्रमाणपत्र पाठवतात, आणि लोक ते जपून ठेवतात. त्यामागची वृत्ती मला फार मोलाची वाटते: चूक दाखवणारा हा पुस्तकाचा माणूस आहे. आता माझ्या श्रेयपानावर ‘चूक दिसली तर इथे कळवा’ अशी ओळ आहे आणि खाली पत्ता आहे. पहिल्या छपाईत तो नव्हता. त्या गृहस्थांना माझा मेल शोधून काढावा लागला होता.

नव्या कार्डावर तीव्रता आहे, एकक आहे, तारीख आहे आणि ‘यानंतरचं कार्ड असेल तर ते खरं धरा’ असं आहे. दिसायला ते जुन्याइतकं छान नाही; मजकूर जास्त झाला आहे. जुनं कार्ड फिरतंच आहे. सात महिन्यांनी, एका वादळाच्या इशाऱ्यानंतर, नात्यातल्या एका मावशींनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. माझं नाव कधीच कापलं गेलं होतं. मी खाली लगेच नवं टाकलं आणि लिहिलं, ‘मावशी, वरचं चुकीचं आहे, पुसून टाका, लिटरला २ थेंबच.’ त्यांनी पुसलं आणि विचारलं, हे चुकीचं कुणी बनवलं गं? मी सांगितलं. मग त्यांना ते जिच्याकडून आलं होतं तिचा नंबर घेतला, तिच्याकडून पुढचा, आणि तिसऱ्या माणसाला आठवेना तिथे थांबले. वहीत त्या कार्डापुढच्या शेवटच्या रकान्यात ती तारीख लिहून ठेवली आहे.